कोबीवरचा दगड

मी रशिया पाहिला तो पॉइंट कुकमधल्या एका स्वयंपाकघरात, उंच स्टुलावर बसून, पायांत दोन-दोन मोजे चढवून. आठवडाभर पाहिला. मॉस्को वगैरे नाही, ते कुणीही पाहतं. मी पाहिलं ते उरल डोंगरांकडचं कारखान्याचं एक छोटं गाव. त्याचं नाव मला अजूनही धड उच्चारता येत नाही. माझ्या पासपोर्टवर तिथला शिक्का नाही. पण तिथल्या तलावाकाठच्या कोणत्या बाकाची फळी मोडली आहे, कारखान्याच्या फाटकावरचं घड्याळ किती वाजता बंद पडलंय आणि तामारामावशीच्या इमारतीतलं मांजर कोणत्या मजल्यावर मासळी खाऊन कोणत्या मजल्यावर झोपतं, हे मी आजही सांगू शकतो. माझी मुलगी म्हणते, "बाबा, दॅट डझन्ट काउंट." न का होईना. ती जन्मायच्या आधीच्या माझ्या मूर्खपणांना ती तशीही काही किंमत देत नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. युनि बंद पडून लॅपटॉपमध्ये शिरली होती. चार पोरांनी मिळून घेतलेलं भाड्याचं घर फुटलं, दोघे शेवटच्या विमानांनी भारतात गेले, आणि मी एक बॅग, एक कुकर आणि हिंगाची डबी घेऊन आंद्रेच्या घरी राहायला आलो. आंद्रे रशियन. डार्विनला गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर. राज्यांच्या सीमा बंद झाल्या तेव्हा तो तिकडे अडकला आणि त्याची आई इकडे, चार बेडरूमच्या घरात एकटी. त्याला घरात कुणीतरी माणूस हवं होतं. "माझी आई पडली तर फोन करणारा" असे त्याचे शब्द होते. माझी पात्रता तेवढी होती.

पॉइंट कुकची ती वसाहत अशी की सगळी घरं एका साच्यातून काढलेली. पहिल्या आठवड्यात शेजारच्या घराच्या दाराला मी पाच मिनिटं किल्ली लावत होतो. आतून एक मनुष्य बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग काचेतूनच म्हणाला, "राँग हाऊस, मेट." समुद्राकडून सुटलेला वारा त्या सारख्या घरांच्या मधून इतका सरळ यायचा की कचऱ्याचे डबे आडवे होऊन रस्त्याने चालू लागायचे. हिवाळा होता. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती, आणि तसं जाऊन भेटणार तरी कुणाला.

आंद्रेची आई, वेरा, पंचाहत्तरीची. बुटकी, रुंद, हाताचे पंजे पैलवानासारखे. गावातल्या ओतकामाच्या कारखान्यात तिने तीस वर्षं वाळूचे साचे घातले होते. मी तिला इथल्या रीतीप्रमाणे नुसतं वेरा म्हणत असे. एकदा आईने फोनवर ते ऐकलं आणि मला झापलं, "तुझ्या आजीच्या वयाची बाई, आणि नावाने काय हाका मारतोस रे मिल्या? आजी म्हण." गंमत म्हणजे मिलिंद हे नाव जड पडतं म्हणून वेराआजीनेही, आपल्या भाषेच्या रीतीने, माझं 'मिल्या'च करून टाकलं होतं. दोन खंडांतल्या दोन बायका मला एकाच नावाने शिव्या घालत होत्या. आमचं बोलणं इंग्रजीत चाले. तिचं इंग्रजी रशियातून आलेलं, माझं साखर कारखान्याच्या शाळेतून. ते जसंच्या तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला दया येईल, म्हणून इथे मराठीत लिहितो आहे.

वेराआजी रागावायची फार. तोच तिचा मायेचा प्रकार होता. घरात सपाता न घालता चाललास म्हणून राग, शिट्टी वाजवलीस म्हणून राग, ब्रेडचा तुकडा टाकलास म्हणून तर दिवसभर राग. माझ्या हिंगाच्या डबीला तिने पहिल्याच दिवशी घराबाहेर काढलं. "हे गॅस गळल्याचं आहे की जेवणाचं?" असं विचारून तिने ती डबी गराजमध्ये, लॉनमोअरच्या शेजारी ठेवायला लावली. मग रोज फोडणीच्या वेळी मी सपाता बदलून गराजमध्ये जायचो, बोटाच्या चिमटीत हिंग धरून परत यायचो आणि ती पंखा पूर्ण वेगात लावून मागे उभी राहायची. तिच्या ब्लेंडरमध्ये मी एकदा मिरच्या फिरवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यातून निघालेली तिची बेरीची स्मूदी पिऊन ती अंगणात जाऊन उभी राहिली होती. तेव्हापासून ब्लेंडरलाही मला हात लावायची बंदी.

आणि कोबी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मातीची उंच, चकचकीत बरणी असायची. तीत बारीक चिरलेला कोबी, गाजर, मीठ, वर एक ताटली आणि ताटलीवर दगड. तो कोबी आपोआप आंबत जातो. रोज सकाळी दगड उचलून लाकडी काडीने त्याला तळापर्यंत टोचायचं, म्हणजे आतला वायू निघतो. नाही टोचलं तर कडू होतो. पहाटे घर शांत असताना त्या बरणीतून बुडबुड असा आवाज येई, पोटात भूक बोलावी तसा. आधी मला त्याची शिसारी आली. महिन्याभराने मी तो भाकरीशी खात होतो.

तो दगड म्हणजे तिच्या गावाचा तुकडा होता. उरलकडच्या जुन्या कारखान्यांच्या गावांत म्हणे आधी नदीला बांध घालतात, तलाव होतो, तलावाच्या पाण्यावर कारखाना आणि कारखान्याभोवती गाव. त्या तलावाच्या काठचा हा दगड वेराआजीच्या आईने उचलून आणला होता. काळसर, लांबट, एका बाजूने तळहातासारखा गुळगुळीत. म्हातारपणी मुलाकडे यायला निघाली तेव्हा वेराआजीने फोटोंचे अल्बम मागे ठेवले आणि दगड बॅगेत घातला. इथल्या विमानतळावर क्वारंटाइनच्या बाईने तो उलटासुलटा करून, भिंगातून पाहून, माती चिकटलेली नाही ना याची खात्री करून सोडला. "तिने विचारलं, कशाला आणलाय? मी म्हटलं, कोबीसाठी. तिने वरच्या साहेबाला बोलावलं," असं वेराआजी सांगायची.

(तो दगड आज आमच्या कॅसल हिलच्या घरच्या ओट्यावर आहे. आंद्रेने तो बऱ्याच वर्षांनी मला कुरियरने पाठवला, सोबत दोनच ओळी लिहून. पण ते पुढचं.)

आता माझा गुन्हा. सहा आठवडे मी तिखट असं काही खाल्लं नव्हतं. दुकानात हिरव्या मिरच्या मिळाल्या, लसूण होता, शेंगदाणे भाजलेले होते. नव्हता तो फक्त वरवंटा. दुपारी वेराआजी आत आडवी झाली होती. मी कोपऱ्यात पाहिलं. काळसर, लांबट, एका बाजूने गुळगुळीत. तुम्ही कऱ्हाडकडचे असाल तर तुम्हाला तो दगड म्हणून दिसलाच नसता. मी तो उचलला, धुतला, आणि आंद्रेच्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर मिरच्या-लसूण असा रगडला की माझ्या खांद्यात आईचे हात शिरले. काय वास सुटला म्हणता. एवढ्यात आतून खोकला ऐकू आला आणि सपातांची फटफट. मी ठेचा वाटीत कोंबला, वाटी फ्रीजमागे सरकवली, आणि दगड तसाच, बिनधुतलेला, हिरवा लगदा चिकटलेला, बरणीत ठेवून झाकण लावलं.

"काय करतोस?" वेराआजी.

"अभ्यास."

"स्वयंपाकघरात?"

"ग्रुप असाइनमेंट आहे."

तिने नाक वर करून हुंगलं. मी मरायला तयार झालो. पण ती काही न बोलता पाणी पिऊन परत आत गेली. मला वाटलं, सुटलो. किती हुशार आपण. आज ती दुपार आठवली की त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटते. ते न बोलणंच ऐकायला हवं होतं.

रविवारी दुपारचं जेवण आम्ही बरोबर जेवत असू, कारण त्यानंतर तीन वाजता तिच्या थोरल्या बहिणीचा, तामाराचा, गावाहून व्हिडिओ कॉल यायचा. उकडलेले बटाटे, मासा आणि बरणीतला कोबी. मी पहिला घास घेतला आणि माझ्या कानांतून वाफ निघाली. चार दिवस ठेच्यात मुरलेला तो कोबी; आमच्या गावच्या जत्रेतसुद्धा एवढं जहाल कुणी विकलं नसतं. मी मान खाली घालून बसलो. आता बरसणार. दगड, आईची आठवण, बंदी, सगळं एकदम. मनात माफीची वाक्यं जुळवली.

वेराआजीने मोठा घास घेतला. चावला. गिळला. आणखी वाढून घेतला.

"यंदा मीठ कमी पडलं," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, नाक लाल झालं होतं, आणि तिला त्याचं कारण कळत नव्हतं. ती रुमालाने डोळे पुसत होती. "सर्दी," म्हणाली, "दोन दिवस झाले. तुझ्या त्या उघड्या खिडकीमुळे."

बातम्यांत रोज सांगत होते, चव जाते, वास जातो. मी उठलो, गराजमध्ये गेलो, सपाता न बदलता. हिंगाची डबी आणली, झाकण काढलं आणि तिच्या नाकासमोर धरली.

"आजी, हे काय आहे?"

"डबी."

"वास घ्या."

तिने जोरात श्वास ओढला. आत पाहिलं. मग माझ्याकडे. "यात कसला वास?" ती म्हणाली. माझा चेहरा पाहून तिला समजलं असावं, कारण तिने डबी माझ्या हातातून घेतली, पुन्हा एकदा हुंगली आणि अगदी हळू टेबलावर ठेवली. त्या स्वयंपाकघरात हिंगाची डबी उघडी होती आणि कुणी कुणाला रागावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या दोघांच्याही नाकात काड्या घातल्या गेल्या. दोघेही पॉझिटिव्ह. मी एका गोदामात पॅकिंगच्या शिफ्टला जात होतो. तिथे दोघे आजारी पडल्याचं कानावर आलं होतं आणि मी, मला सगळं येत असल्यामुळे, त्यावर विचार केला नव्हता. मला साधी शिंकसुद्धा आली नाही. माझी जीभ शाबूत, नाक शाबूत. मी ते घरात आणलं आणि तिच्या हवाली केलं. बुधवारी तिला जिना चढताना धाप लागली. आंद्रेला फोन केला तर तो डार्विनहून "फोन कर, आत्ता कर, झीरो झीरो झीरो", म्हणजे इथला अँब्युलन्सचा नंबर, एवढंच ओरडत राहिला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

अँब्युलन्सवाले दोघे आले, डोक्यापासून पायापर्यंत निळ्या प्लास्टिकमध्ये. वेराआजी दारापर्यंत चालत गेली आणि चपलांच्या बाकावर बसली. "बस," ती मला म्हणाली. मला वाटलं, पाय गळाले. "आजी, गाडी उभी आहे." "बस म्हटलं ना." तिच्या गावची रीत, प्रवासाला निघताना मिनिटभर सगळ्यांनी गप्प बसायचं. मी बसलो. ते दोघेही, एकमेकांकडे बघून, पायरीवर टेकले. आणि ते मिनिट चालू असताना मला आठवलं की माझ्या घरून मी असा कधी निघालोच नाही, आईने हातावर दही घातल्याशिवाय. मी पळत जाऊन फ्रीजमधलं दही आणलं आणि चमचाभर तिच्या तळहातावर ठेवलं. कशाला, ते तिने विचारलं नाही. चाटून टाकलं.

"गोड आहे की आंबट?" तिने विचारलं.

"आंबट."

"कोबी रोज टोच," ती म्हणाली. "तळापर्यंत. विसरलास तर येऊन मारीन."

"या आणि मारा," मी म्हणालो.

मग मी त्या घरात कोंडला गेलो. रोज सकाळी नऊ वाजता हॉस्पिटलला फोन करायचा. नर्स सांगायची, ऑक्सिजन इतका, कालच्यासारखाच. "सेम ॲज येस्टरडे, लव्ह." तेवढ्यावर दिवस काढायचा. आईला मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, ती एवढंच म्हणाली, "त्यांच्या खोलीत दिवा लावून ठेव. अंधार ठेवू नकोस." मी बेडसाइडचा विजेचा दिवा लावून ठेवला. तो नऊ-दहा दिवस जळत होता.

रविवारी तीन वाजता टॅब्लेट वाजला. मी ठरवलं होतं, तामाराला काही कळू द्यायचं नाही, ऐंशीच्या पुढची बाई. मी उचलला. पडद्यावर वेराआजीसारखाच रुंद चेहरा, पण दात सोन्याचे. माझं रशियन म्हणजे 'नमस्कार' आणि 'कोबी'. मी दोन्ही म्हणालो. ती मला निरखत होती, आणि मग म्हणाली,

"तुम इंडिया?"

मी स्टुलावरून पडायचा राहिलो. तिचा नवरा फिटर होता. कधीकाळी भारतात पोलादाचा कारखाना उभारायला रशियन माणसं आली त्यांच्याबरोबर तोही आला होता, आणि ती दोन वर्षं तिथल्या वसाहतीत राहिली होती. भाजीवाल्याशी आणि मोलकरणीशी बोलायला शिकलेली हिंदी पन्नास वर्षं तिच्या डोक्यात तशीच राहिली होती.

"वेरा किधर?"

"सो रही है."

"झूठ," तामारा म्हणाली. "संडे, तीन बजे, वेरा कभी नहीं सोता."

अर्ध्या मिनिटात मी सगळं सांगून टाकलं. माझ्या गोदामासकट. बोलताना माझा आवाज फुटला. तेवीस वर्षांच्या, सगळं येणाऱ्या माणसाचा. तिने ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढली.

"पहले गोभी दिखाओ."

मी टॅब्लेट बरणीवर धरला. "खाओ," ती म्हणाली. नाही म्हणायची हिंमत नव्हती. मी खाल्लं, आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. तामाराने पडद्याला नाक लावलं. "मिर्ची?" मी दगडाचं कबूल केलं. पडद्यावर एकदम छत दिसू लागलं, कारण ती फोन मांडीवर टाकून हसत होती, सोन्याच्या दातांनी, खोकेपर्यंत. मग छत स्थिर झालं. बऱ्याच वेळाने तिचा चेहरा परत आला तेव्हा ती हसत नव्हती.

"मिर्ची से मालूम पड़ा?"

"हाँ."

"वेरा को अभी मत बोलो. पहले ठीक होगी. बाद में बोलो. बाद में वो मारेगी." तिने ते असं म्हटलं जणू ते मारणं म्हणजे आम्हा दोघांना मिळणारं बक्षीस होतं.

तेव्हापासून ती रोज कॉल करू लागली. तिच्याकडे सकाळचे दहा, माझ्याकडे दुपारचे तीन. पहिल्यांदा तिने तो कोबी फेकायला लावला आणि नवा घालून घेतला. शेजाऱ्याने दारात दोन गड्डे ठेवले होते, तोच तो राँग हाऊसवाला. दगड मी ब्रशने, मिठाने, सोड्याने, उकळत्या पाण्याने धुतला. तो बरणीत ठेवताना तामारा पडद्यातून हाताने खुणा करत होती: "बायाँ... थोड़ा नीचे... धीरे, धीरे... बस!" इतक्या ऐटीत कोबीवर दगड कुणी उतरवला नसेल. मग कळलं, चाळीस वर्षं ती कारखान्यात क्रेन चालवायची. वितळलेल्या लोखंडाचं भांडं माणसांच्या डोक्यांवरून नेऊन थेंब न सांडता ओतायची. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, एकदाच, खाली वेरा उभी होती तेव्हा.

"तुम अकेला है," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "चलो, घूमेगा." आणि फोन पुढे धरून ती जिना उतरली. तिच्याकडे उन्हाळा होता. माझ्या खिडकीबाहेर कचऱ्याचे डबे वाऱ्याने पळत होते आणि पडद्यात पॉप्लरचा कापूस उन्हात तरंगत होता. तिच्या मागून मी चार मजली विटांच्या इमारती पाहिल्या, सगळ्या एका साच्याच्या. धुणं वाळत घातलेलं. बाकांवर बायका, त्यांना ती माझी ओळख करून द्यायची, आणि त्या फोनमध्ये वाकून पाहायच्या. मग बांध, तलाव, मोडकी फळी असलेला बाक. पलीकडे कारखाना, दोन धुराडी, त्यातलं एक थंड. पूर्वी चुलींची दारं, तवे, किटल्या ओतायचे. आता कारखान्याचा एकच विभाग चालू आहे, असं ती म्हणाली. फाटकावरचं घड्याळ दहा वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं. मी स्टुलावर अवघडून बसलो होतो आणि ते सगळं मला पाठ होतं. ते क्वार्टर्स, ते फाटक, नाटकांचा हॉल, रविवारी कपडे वाळत घातलेल्या गॅलऱ्या. बाबा बॉयलरवर होते. मी साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. मी रशियात जन्मलो नव्हतो, पण थोडक्यात हुकलो होतो.

"हमारे यहाँ भोंगा बजता है," मी तिला सांगितलं. "बारा बजे."

ती थांबली. हाताने फोन कारखान्याकडे धरला. "यहाँ भी था. पूरा गाँव उठता था. अब नहीं." आम्ही दोघांनी थोडा वेळ नसलेला भोंगा ऐकला. तलावात कुणीतरी उडी मारल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना कामाला लावलं. त्यांना व्हिडिओ कॉल म्हणजे फोन कपाळावर दाबून धरायचा असं वाटायचं. त्यामुळे तामाराला प्रथम माझ्या वडिलांची एक भुवई भेटली. "बाबा, फोन खिडकीबाहेर धरा." "पडेल रे." "नाही पडत. धरा." माझ्याकडे साडेचार, तिच्याकडे साडेअकरा, बाबांकडे बारा. आणि भोंगा झाला. कृष्णेकाठचा तो भोंगा, मला वर्षानुवर्षं शाळेला उशीर झाल्याचं सांगणारा, उरलमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात वाजला. तामारा उभी राहिली. विचार न करता, सवयीने, एप्रनला हात पुसत उभी राहिली, आणि भोंगा संपेपर्यंत बसली नाही. "कोण बाई आहेत?" बाबांनी विचारलं. मी म्हणालो, "मावशी." ते पुरेसं झालं.

बाराव्या दिवशी नर्स म्हणाली, "शीज कमिंग होम, लव्ह." मी फोन ठेवला आणि कोबी टोचायला गेलो. त्या दिवशी तो तीनदा टोचला.

परत आली ती निम्मी वेराआजी. ऑक्सिजन ठीक, ताप नाही, पण तोंडाला चव नाही, नाकाला वास नाही. "कागद चावल्यासारखं," म्हणायची. डॉक्टर म्हणाले, येईल, कधी ते सांगता येत नाही, काहींची येत नाही. तिने स्वयंपाक सोडला. चहा समोर ठेवला तर प्यायची. मी मुद्दाम अनवाणी फिरलो. ब्रेड टाकला. एक दुपारभर शिट्टी वाजवली. ती खिडकीतून पाहत राहिली. एकदा हिंगाची डबी मी सरळ ओट्यावर, तिच्या किटलीला टेकवून ठेवली. तिने ती उचलून झाकण घट्ट लावलं आणि होती तिथे परत ठेवली. मला रडू आलं ते तेव्हा; हॉस्पिटलच्या दिवसांत आलं नव्हतं.

तामाराशी मी गराजमधून बोललो. "जो डाँटती नहीं, वो वेरा नहीं," ती म्हणाली. मग आमचा कट शिजला. दर रविवारी, तिच्या कॉलच्या वेळी, वेराआजीच्या ताटात तिच्याच कोबीत तो फ्रीजमागचा नव्हे, ताजा ठेचा, नखभर. पुन्हा त्याच दगडाने वाटलेला, तामाराचा तसा हुकूमच होता. डॉक्टरी उपचार म्हणून याची शिफारस मी कुणाला करणार नाही. आम्ही दोघंही, एक क्रेनवाली आणि एक पॅकिंगवाला, दुसरं काही करू शकत नव्हतो.

पहिल्या रविवारी तिने कोबी खाल्ला आणि डोळे पुसले. पडद्यात तामारा तिच्याशी बटाट्यांबद्दल बोलत राहिली, पण नजर ताटावर. दुसऱ्या रविवारी तिने दोन घास खाऊन ताट सारलं. तामाराने फोन लवकर ठेवला. मी भांडी घासायला उभा राहिलो ते बराच वेळ नळ चालू ठेवून.

तिसऱ्या रविवारी वारा होता. तामारा पडद्यात कोबीच खात होती, तिचा तिचा, सोबत म्हणून. वेराआजीने काटा उचलला. घास घेतला. चावला. थांबली. काटा हवेतच. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि तिचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

"मिल्या!"

काय आवाज होता. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"यात काय घातलंस? माझ्या कोबीत काय घातलंस?"

"मिरची, आजी."

"मिरची! कोबीत! आणि हा लसूण!" ती उभी राहिली होती, मुठी टेबलावर. "कशात वाटलीस? ब्लेंडरला हात लावलास?"

"नाही. दगडाने."

"कोणत्या दगडाने?" आणि तिने कोपऱ्यातल्या बरणीकडे मान वळवली. ती बरणीकडे बघतच राहिली. मला तिच्या डोक्यात एकेक गोष्ट बसताना दिसत होती. "म्हणजे तेव्हाही," ती हळू म्हणाली. "तो रविवार. डबी."

"हो."

"माझ्या आईच्या दगडाने."

"हो, आजी."

मग ती रशियन बोलू लागली. दहा मिनिटं बोलली. मला त्यातलं 'कोबी' आणि 'मिल्या' एवढंच समजलं. पडद्यात तामारा मध्येमध्ये काहीतरी म्हणे, तर वेराआजी तिच्यावरही उलटे; माझ्यावरून बहिणीवर, बहिणीवरून माझ्यावर. तामारा एप्रन डोळ्यांना लावून हसत होती की रडत होती, ते कनेक्शन खराब असल्यामुळे सांगता येत नाही. मी मान खाली घालून उभा होतो. सहा-सात आठवडे जुळवून ठेवलेली माफीची वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

शेवटी ती दमून बसली. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, आणि या खेपेला तिला त्याचं कारण माहीत होतं. तिने रुमाल शोधला, सापडला नाही, माझ्या खांद्यावरचा नॅपकिन ओढून घेतला. मग काट्याने ताट माझ्याकडे ढकललं.

"आणखी वाढ," वेराआजी म्हणाली. "आणि पायांत सपाता घाल."